दोन आणि तीनच्या मध्ये

छत्तीस गुणिले चोवीस.
चव्वेचाळीस गुणिले तेहतीस.
पंधरा दिवस हेच पाढे म्हणत होतो मी
भांडी घासताना,
कोपरीच्या बँकेत हप्त्याचं विचारताना,
आणि जिन्यात ओककाकूंनी
"काय रे, बरा आहेस ना?" विचारलं तेव्हा
उत्तर म्हणूनसुद्धा.

चरईत ग्लॅडविन परेराकडे दोन्ही मिळतात भाड्याने.
फुल-फ्रेमचं भाडं तो सहज सांगतो.
मीडियम फॉरमॅटचं सांगताना आवाज उतरवतो,
घरातल्या कुणाचा रिपोर्ट वाचावा तसा.
"आणि हा घेणार तू? वर्गांचे ग्रुप फोटो काढायला?"
हसला नाही. बॅटऱ्या मोजून दिल्या.

कळव्याची शाळा. सातवी ब.
अठ्ठेचाळीस मुलं, तीन बाकं, एक पाटी,
पाटीवरचं साल चुकलेलं,
मग थुंकी लावून सुधारलेलं.
मोठा ट्रायपॉडवर, लहान गळ्यात.
मोठ्याला सगळं थांबलेलं लागतं:
वारा, झेंड्याची दोरी, गालात गोळी लपवलेला प्रज्योत.
बटण दाबल्यावरही तो घटकाभर अडतो,
नेमका शब्द आठवणाऱ्या मास्तरांसारखा.
लहान विचारत नाही. सेकंदाला वीस.
माझं काही ठरायच्या आत
त्याचं घेऊन झालेलं असतं.

बाबा एक म्हणत, दोन म्हणत,
तीन कधीच म्हणत नसत.
तीनवर सगळ्यांचे फोटो होतात म्हणायचे,
माणसं असतात ती दोन आणि तीनच्या मध्ये.
बारा फ्रेमचा रोल, एका वर्गाला दोन.
तिसरी मागितली तर हेडमास्तरांनाही नाही.

मी तीन म्हटलं.
मोठ्यासाठी म्हणावंच लागलं.

रात्री फाइल उघडेपर्यंत चहा गार झाला,
आणि मग ती उघडतच गेली.
भिंतीचे पोपडे, खिडकीत विसरलेलं डब्याचं झाकण,
एकेका ओठावरची नवी लव.
वाढवत गेलो. वाढवत गेलो.
तिसऱ्या रांगेत कडेला हर्षाली भोईर.
खिशावरचं नाव उसवलेलं,
दोरा गेलेला, टाक्यांची भोकं राहिलेली.
बोटाने जोडत गेलो एकेक भोक:
वि. शा. खा.
थोरली असेल.
शाळा सुटलेली, किंवा नुसतीच उंच झालेली.
बोट मागे घेतलं मी.
इतकं वाच म्हणून
मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग लहानाचं कार्ड.
"झालं!" म्हटल्यावर रांगा फुटतात
तेव्हाचे चार-पाच सेकंद.
बाक कलतोय, पाटी हवेत,
प्रज्योतची गोळी एकदाची तोंडाबाहेर,
आणि हर्षाली कुणाच्या तरी पाठीवर वाकून
अशी हसतेय की खिसा
दिसतच नाही.
सावलीत थोडी कचकच. एक कान हललेला.

हिशोबाचं म्हणाल तर
पालक घेतात आठ बाय दहा,
लॅमिनेशनसकट एकशेवीस रुपये.
तेवढ्या कागदावर दोघांत कुणालाच फरक कळणार नाही.
भोकं दिसणार नाहीत.
मला दिसतील, पण मी गिऱ्हाईक नाही.

सकाळी दोन्ही बॅगा ग्लॅडविनच्या काउंटरवर.
"मग? कुठला?"
मी लहानावर हात ठेवला.
आणि मोठ्याचा येता रविवार मागून घेतला,
एकच दिवस.
शाळेत नाही न्यायचा.
बाबांना गॅलरीतल्या खुर्चीत बसवायचंय,
सकाळी नऊला येऊरकडून उजेड बरा येतो.
ते हलत नाहीत आता फारसे.
मोठ्याला हवे तसे झालेत.

एक म्हणेन. दोन म्हणेन.
पुढचं
त्यांनी म्हणेपर्यंत थांबेन.